मागच्या तारखेची सही मागतायत, करू का?

वाचक लिहितात :

«मी एम.एस्सी. केमिस्ट्री केलंय. रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत छोट्या औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात आहे. आमच्याकडे फक्त लिक्विड ओरल बनतं, म्हणजे खोकल्या-तापाची सिरप. लायसन्सवर ॲनालिटिकल केमिस्ट म्हणून माझं नाव आहे. आमचं जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ हे तपासणीचं यंत्र, मधले काही महिने बंद होतं. त्या काळात सिरपमध्ये घालायच्या प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे जे लॉट आले त्यांची डीईजी-ईजी चाचणी, म्हणजे त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही विषं आहेत का हे बघणारी चाचणी, झालीच नाही. पुरवठादाराच्या सीओएवर, म्हणजे त्यानेच दिलेल्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर, माल सोडला. आता एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, इन्स्पेक्शन लागलंय आणि प्लांट हेड म्हणतात, मागच्या तारखा घालून सगळ्या लॉटचे रिपोर्ट तयार करा. तीन रिपोर्टवर मी सही केली. पुढच्यावर करवेना. सर म्हणतात, 'माल चांगलाच आहे, एक तक्रार नाही, सगळीकडे असंच चालतं.' वडील नाहीत, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. सह्या करू का? नाही केल्या तर काय होईल? आणि एफडीएला कळवलं तर माझं काय?»

— एक केमिस्ट

नमस्कार.

सह्या करू नका. उरलेल्या रिपोर्टवर नाहीच, आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री 'एवढी एकच' म्हणून कोणी कागद पुढे सरकवला तर त्यावरही नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मला जास्त काळजी वाटतेय ती वेगळ्या गोष्टीची. त्या लॉटमधून बनलेल्या सिरपच्या बाटल्या आत्ता कुठे आहेत? काही तुमच्या गोदामात असतील, काही डेपोत, काही मेडिकलच्या फळीवर, आणि काही कुणाच्या तरी घरी अर्ध्या वापरून ठेवलेल्या. तुमच्या नोकरीचं आणि कायद्याचं सगळं बोलू, पण आधी या बाटल्यांचं बोलू या.

'माल चांगलाच आहे' हे तुमच्या सरांना कळलं कसं? चाचणी झालेली नाही, म्हणजे माल चांगला की वाईट हे आज तुमच्या कंपनीत कुणालाच माहीत नाही. बहुतेक लॉट चांगलेच निघतात, पुरवठादारही बहुतेक सरळच असतात. पण ज्या ड्रममध्ये घोळ असतो तो ड्रम बाकीच्या ड्रमसारखाच दिसतो. डायएथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाट आणि गोडसर. कूलंट, ब्रेक फ्लुइड, रेझिन अशा कारखानी कामांसाठी ते सर्रास मिळतं आणि औषधी दर्जाच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलपेक्षा स्वस्त पडतं. उत्पादक, मोठा व्यापारी, छोटा व्यापारी, रिपॅकर असा हात बदलत माल तुमच्या गेटवर येतो. या साखळीत कुठेही लेबल बदलू शकतं, आणि सोबतच्या सीओएची झेरॉक्स कुणीही काढू शकतं. २०२४ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या दूषित प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या ड्रमांवर डाऊ या नामांकित कंपनीची लेबलं होती, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला त्याबद्दल इशारा काढावा लागला. लेबल आणि सीओए यांच्यावर विसंबून माल सोडायचा नाही, म्हणूनच ही चाचणी तुमच्या दारात करायला सांगितली आहे. नेमकी तीच तुमच्याकडे झालेली नाही.

या विषाचा इतिहास तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो, कारण तुमच्या सरांपुढे तो मांडायची वेळ येईल. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध करताना द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं गेलं. शंभरहून जास्त माणसं गेली, आणि बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवलं पाहिजे हा कायदा तिथे पुढच्याच वर्षी आला. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, त्या ग्लिसरीनमध्ये हेच ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून एफडीएपर्यंत आणि मंत्र्यापर्यंत सगळी साखळी उघडी पाडली. २०१९-२० मध्ये जम्मूतल्या रामनगरला लहान मुलं गेली. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलांचे मृत्यू भारतात बनलेल्या सिरपशी जोडले गेले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी उझबेकिस्तानातून तशाच बातम्या आल्या. मग २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातलं छिंदवाडा. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला कोल्ड्रिफ सिरपच्या त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल मिळालं. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. वीसहून जास्त मुलं गेली, आणि त्यातल्या कितीतरी मुलांवर आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते.

'एक तक्रार नाही' या वाक्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. या विषाची तक्रार कंपनीच्या टोल फ्री नंबरवर येत नाही. सर्दी-तापाचं मूल असतं, सिरप चालू असतं. दोन-तीन दिवसांत उलट्या सुरू होतात, मग आईच्या लक्षात येतं की सकाळपासून बाळाला लघवी झालेली नाही. डॉक्टरला आधी संसर्गाचा संशय येतो, दूषित पाण्याचा येतो. मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळेपर्यंत मूल मोठ्या रुग्णालयात पोचलेलं असतं, आणि सिरपच्या बाटलीकडे बोट जायला आणखी काही दिवस जातात. तक्रार नाही याचा अर्थ एवढाच होतो की अजून कुणी जोडून पाहिलेलं नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. खूप काही आहे. त्या वेळी न झालेली चाचणी आजही करता येते. प्रत्येक रॉ मटेरियल लॉटचा राखीव नमुना तुमच्याकडे असायला हवा, प्रत्येक बॅचचे कंट्रोल सॅम्पल तर असतातच. ते बाहेर काढा. जीसी अजून धड चालत नसेल तर मान्यताप्राप्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा. दरम्यान टीएलसी, म्हणजे पातळ थरावरची साधी क्रोमॅटोग्राफी चाचणी, लावायला कुणी अडवलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पातळ औषधांसाठी दिलेल्या पद्धतीतही पहिली पायरी टीएलसीची आणि दुसरी जीसीची आहे. आधी ग्लायकॉल-ग्लिसरीनचे लॉट तपासा. राखीव नमुना ठेवलेलाच नसेल, तर त्या लॉटमधून बनलेली प्रत्येक बॅच तपासा. कुठला लॉट कुठल्या बॅचला गेला हे बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या उत्पादनाच्या नोंदींत, तुम्हाला तासाभरात सापडेल. गोदामातला तो सगळा माल रिपोर्ट येईपर्यंत क्वारंटाइनमध्ये टाका, डेपोलाही विक्री थांबवायला सांगा. आणि या सगळ्या कागदांवर आजची तारीख घाला. जीसी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंद होतं, त्या काळात हे लॉट न तपासता सोडले गेले, आता अमुक तारखेला तपासले, निकाल असा आला, असा सरळ डेव्हिएशन, म्हणजे ठरलेली पद्धत मोडल्याची लेखी नोंद, उघडा. त्याखाली मूळ कारण लिहा, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार तेही लिहा.

एखादा नमुना मर्यादेबाहेर निघाला तर मात्र बैठका घेत बसू नका. त्याच दिवशी माल परत मागवायला सुरुवात करायची आणि एफडीएला कळवायचं. तिथे मालकाच्या परवानगीची वाट बघायची नसते.

तुमचे सर म्हणतील, असा डेव्हिएशन म्हणजे आपणच आपल्या गळ्यात धोंडा बांधून घेणं. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, याची किंमत आहेच. औषध नियमावलीतल्या नियम ७४ प्रमाणे रॉ मटेरियलची प्रत्येक बॅच तपासणं ही लायसन्सची अट आहे, ती मोडली आहे. कारणे दाखवा नोटीस येऊ शकते, नियम ८५ खाली लायसन्स काही दिवसांसाठी निलंबित होऊ शकतं, उत्पादन थांबवायला सांगितलं जाऊ शकतं. छिंदवाड्यानंतर औषध महानियंत्रकांनी राज्यांना नेमकं हेच बघायला सांगितलं आहे की कंपन्या प्रत्येक बॅचचा कच्चा माल तपासतात की नाही. त्यातून सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे चांगल्या उत्पादनाचे नियम, आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ते अधिसूचित झालं, छोट्या कंपन्यांना मिळालेली वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यामुळे यंदाचं इन्स्पेक्शन चहा-पाण्यावर उरकेल या भरवशावर कुणी राहू नये. पण चूक सापडणं आणि बनाव सापडणं यांची शिक्षा सारखी नसते. चूक स्वतःहून दाखवणाऱ्या आणि नमुने तपासून मोकळा झालेल्या कंपनीला वाट मिळते. बनाव उघडा पडला की त्या कंपनीचा बाकीचा एकही कागद कुणी खरा धरत नाही.

आणि बनाव उघडा पडतोच. जरा डोळ्यांपुढे आणा. औषध निरीक्षक तुमच्या लॅबमध्ये बसलेत. समोर प्रॉपिलीन ग्लायकॉलचा रिपोर्ट आहे, तारीख त्या बंद काळातली. ते जीसीचं लॉगबुक मागतात. लॉगबुकात त्या आठवड्यात नोंद नाही, किंवा आहे ती वरच्या-खालच्या दोन ओळींमध्ये कोंबलेली. मग मेन्टेनन्सच्या फाइलमधून सर्व्हिस इंजिनिअरचा रिपोर्ट निघतो, डिटेक्टर बिघडल्याचा, त्याच महिन्यातला. मग संगणकावरचा ऑडिट ट्रेल उघडला जातो. त्यात फाइल कधी तयार झाली, कुठल्या लॉगिनने, कुठल्या जुन्या रनचं नाव बदलून, सगळं मिनिटासकट असतं. मग कॅरिअर गॅसच्या सिलिंडरची बिलं बघतात, रेफरन्स स्टँडर्ड किती मिलिग्रॅम वापरलं याची वही बघतात, बॅलन्सच्या स्लिपा बघतात. शेवटी हजेरीचं मस्टर. ज्या दिवशी तुम्ही चाचणी केली म्हणून सही आहे, त्या दिवशी तुम्ही गावी होतात. एक तारीख मागे न्यायची तर इतक्या वह्या मागे न्याव्या लागतात, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या ताब्यात नसतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २२ खाली निरीक्षकाला ही सगळी दप्तरं मागायचा आणि जप्त करायचा अधिकार आहे.

घाबरून कागद नष्ट करण्याचा मोह कुणाला झाला तर त्याचंही उदाहरण जवळचंच आहे. २०२२ च्या अखेरीस गुजरातमध्ये साणंदजवळच्या इंटास कंपनीच्या प्लांटमध्ये अमेरिकन एफडीएच्या निरीक्षकांना फाडलेल्या कागदांनी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा ट्रक सापडला. एका ॲनालिस्टने बॅलन्सच्या स्लिपा टाकलेल्या कचऱ्याच्या डब्यात ॲसिटिक ॲसिड ओतल्याचं त्यांनी अहवालात लिहिलं. प्लांटचं उत्पादन थांबलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाची टंचाई झाली. कुठल्या तरी रुग्णाची केमोथेरपी पुढे ढकलली गेली ती अशा कारभारामुळे. त्या ॲनालिस्टच्या जागी स्वतःला ठेवून बघा. डब्यात ॲसिड ओतताना त्याच्या मनात नोकरी टिकवण्यापलीकडे दुसरं काय असेल?

आता तुमच्यावर काय येऊ शकतं. कंपनीने गुन्हा केला तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे त्या वेळी कामकाजाला जबाबदार असलेली प्रत्येक व्यक्ती दोषी धरली जाऊ शकते. संचालक-व्यवस्थापकांइतकाच 'अन्य अधिकारी'ही त्यात येतो, त्याची संमती, संगनमत किंवा हयगय दिसली तर. गुन्हा आपल्या नकळत झाला, किंवा तो होऊ नये म्हणून आपण शक्य ती सगळी काळजी घेतली, हे दाखवता आलं तर सुटका आहे. व्यवहारात खटला भरताना लायसन्सवरच्या मॅन्युफॅक्चरिंग आणि ॲनालिटिकल केमिस्टची नावं आरोपींच्या यादीत येतात. ज्या औषधात अपायकारक पदार्थ आहे ते भेसळयुक्त ठरतं. त्याने मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याजोगी असेल तर कलम २७ मध्ये किमान १० वर्षांची शिक्षा आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाते, आणि दंड किमान १० लाखांचा आहे. खोटा दस्तऐवज केल्याची भारतीय न्याय संहितेतली कलमं त्याशिवाय लागू शकतात. कोल्ड्रिफच्या प्रकरणात मध्य प्रदेशच्या विशेष तपास पथकाने कंपनीच्या मालकाबरोबर तिथल्या केमिकल ॲनालिस्टलाही अटक केली. काय सिद्ध होतं ते न्यायालय ठरवेल. पण तपास पथक कुणाच्या दारात येतं, हे त्यातून कळतं. 'सरांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर त्या वेळी देऊन चालत नाही, कारण सरांनी ते तोंडी सांगितलेलं असतं आणि सही तुमची असते.

नियम ७१ मध्ये तर स्पष्टच म्हटलंय की चाचणी विभाग उत्पादनापासून वेगळा हवा आणि त्याचा प्रमुख उत्पादनाच्या प्रमुखाच्या हाताखाली नको. कायदा करणाऱ्यांना तुमच्या प्लांट हेडसारख्या माणसाचा दबाव ठाऊक होता. तुम्हाला नाही म्हणता यावं म्हणूनच ही तरतूद केलेली आहे, ती वापरा.

केलेल्या तीन सह्यांचं काय? ते रिपोर्ट फाडू नका, पांढरी शाई लावू नका, त्यावर काही गिरवू नका, घरीही नेऊ नका. क्यूए (गुणवत्ता हमी) हेड आणि प्लांट हेड यांना ईमेल करा, संचालकांना प्रत ठेवा. भाषा थंड ठेवा, आरोप नको. साधारण असं : 'अमुक एआर (तपासणी अहवाल) नंबरच्या तीन रिपोर्टवर मी अमुक तारखेला सही केली आहे. त्यांवर दाखवलेल्या तारखांना डीईजी-ईजी चाचणी झालेली नव्हती. हे रिपोर्ट ग्राह्य धरू नयेत. खालील लॉटचे राखीव नमुने आणि त्यांतून बनलेल्या बॅचेसचे कंट्रोल सॅम्पल तातडीने तपासावेत, तोपर्यंत शिल्लक माल होल्डवर ठेवावा, ही विनंती.' खाली लॉट आणि बॅच नंबरांची यादी. एवढंच. ही ईमेल पाठवण्याआधी औषध कायद्यातलं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा, तुमच्याच सहीबद्दलची कबुली त्यात आहे म्हणून सांगतो. पण वकिलाची वेळ मिळत नाही या कारणाने आठवडा जाऊ देऊ नका. सह्या आत्ता तीनच आहेत, इन्स्पेक्शन व्हायचंय आणि तुम्ही स्वतःहून सांगताय. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या बाजूने बोलते, आणि दिवस गेले की यातली एकेक कमी होत जाईल.

स्वतःजवळ काय ठेवायचं, हेही सांगतो. या ईमेलची प्रत आणि आलेलं उत्तर. कुणी कधी काय सांगितलं याची तारखेसह वही, त्या-त्या दिवशीच लिहिलेली. कंपनीच्या फायली मोबाइलवर भराभर उतरवून घेऊ नका, कंपनीला उलट तुमच्यावर ओरडायला तेवढं निमित्त पुरतं. दप्तर कुठल्या कपाटात आहे ते तुम्हाला माहीत आहे, निरीक्षक ते कायद्याने ताब्यात घेऊ शकतात.

ईमेलनंतर दोन शक्यता. मालक शहाणा असेल तर नमुने लॅबला जातील. असं होतं, मी बघितलंय. छोट्या कंपनीच्या मालकाला पुष्कळदा प्लांट हेडने अर्धीच गोष्ट सांगितलेली असते, आणि पूर्ण कळल्यावर सगळ्यात आधी त्याचीच झोप उडते. म्हणून संचालकांना प्रत ठेवाच. दुसरी शक्यता म्हणजे दोन-तीन दिवसांत काहीच हललं नाही, किंवा 'ईमेल मागे घे' असा दम मिळाला. मग एफडीएकडे जा. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, औषधे, यांच्याकडे लेखी द्या आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्यातच लिहा. तिथे संकोच वाटत असेल तर केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत आहे. तक्रारीत विशेषणं नकोत, नंबर हवेत : पुरवठादार कोण, लॉट कुठले, बॅच कुठल्या, माल कुठल्या डेपोला गेला, जीसी कधीपासून कधीपर्यंत बंद होतं. एवढं दिलं की निरीक्षकाला कुठली बाटली उचलायची ते कळतं. त्याने नमुना घेतला की सरकारी विश्लेषकाच्या अहवालाला कायद्याने पुरावा म्हणून वजन आहे, आणि कंपनीला तो मान्य नसेल तर २८ दिवसांत लेखी कळवून आव्हान द्यावं लागतं. एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. कलम २६ प्रमाणे कुणीही सामान्य माणूस विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो.

तुम्हाला संरक्षण काय मिळेल? थोडं मिळेल. अमेरिकेत रॅनबॅक्सीने खोट्या चाचण्यांबद्दल २०१३ मध्ये ५० कोटी डॉलरची तडजोड केली, आणि आतून माहिती देणारे दिनेश ठाकूर यांना तिथल्या कायद्याप्रमाणे त्यातला मोठा वाटा मिळाला. आपल्याकडे खाजगी कंपनीतल्या माणसासाठी तसा कायदा नाही. २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी नोकरांबद्दलच्या तक्रारींचा आहे, आणि तोही अंमलात आलेला नाही. बनावट औषधांची माहिती देणाऱ्याला बक्षीस देण्याची आरोग्य मंत्रालयाची २००९ ची योजना आहे, पण त्या भरवशावर कुणी पाऊल उचलू नये. तांत्रिक काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला कामगार कायद्याखाली दाद मागता येते का, हे तुमच्या पदावर आणि पगारावर ठरतं. वकिलाला भेटाल तेव्हा तेही विचारा. छोट्या कारखान्यात तक्रार कुणी केली हे लपत नाही, हेही खरं आहे. तुमचं नाव फुटेल असं धरूनच चाला.

म्हणजे नोकरी जाऊ शकते. घराचा हप्ता तुमच्या पगारातून जातो, आणि मी इथे बसून तुम्हाला धैर्य धरा म्हणणं सोपं आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून आजच बायोडेटा बाहेर काढा. बँकेत जाऊन हप्त्याला काही महिन्यांची सवलत मिळते का विचारा, पगार थांबण्याआधी विचारलेलं बरं. पदवीचे मूळ कागद कंपनीने ठेवून घेतले असतील तर ईमेल करण्याआधी काहीतरी कारण सांगून परत घ्या, अनुभवाचं पत्रही मिळतं का बघा. जीसी-एचपीएलसी चालवता येणारा आणि नोंदी नीट ठेवणारा ॲनालिस्ट सुधारित शेड्यूल एमनंतर सगळ्यांना हवाय. तळोजा, पाताळगंगा, महाड, कुरकुंभ, गोव्यात वेर्णा, कुठेही चौकशी करा. घरी आईलाही विश्वासात घ्या. महिनाभर पगार येणार नाही हे तिला बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं चांगलं.

राजीनामा द्यावाच लागला तर शेवटचं एक काम विसरू नका. चाचणीसाठी जबाबदार असलेला माणूस बदलला की ते एफडीएला कळवणं लायसन्सधारकाचं काम असतं, पण कंपनी ते महिनोन्‌महिने लांबवते आणि तोवर लायसन्सवर तुमचंच नाव राहतं. तुम्ही गेल्यानंतर बनलेल्या बॅचवरही. म्हणून राजीनाम्याची प्रत आणि कामावरचा शेवटचा दिवस कळवणारं पत्र तुम्ही स्वतः सहायक आयुक्तांच्या कार्यालयात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.